सहा मिनिटं चोवीस सेकंद

नकाशावरची निळी रेघ खाडीच्या मुखापाशी जाड झाली होती. बाकी सगळीकडे ती अर्धा मिलिमीटर रुंद, एकसारखी, सवयीच्या हातानं काढलेली. त्या एका जागी मात्र मिलिमीटरहून थोडी जास्त, आणि शाई कागदात मुरून तिच्या कडांना बारीक तंतू फुटलेले. पेन तिथे थांबलं होतं. किती वेळ थांबलं ते सांगता येणार नाही, कागद कोणता आणि हवा किती दमट यावर ते अवलंबून असतं. पण थांबलं होतं एवढं नक्की. मी भिंग खाली ठेवलं आणि पाकिटातला दुसरा कागद उलगडला.

यशोवर्धनचं, माझ्या नवऱ्याचं, पत्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतं. गेल्या सप्टेंबरपासून तो ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, एका साखर कारखान्यात बॉयलरच्या कामावर आहे. तिथे वर्षावनाचं राखीव उद्यान डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत उतरतं, असं तो लिहितो. झाडांची मुळं वाळूत आणि वाळू मुळांत. तो तिथे रोज पहाटे पळतो. पत्रात ख्यालीखुशाली चार ओळी, नंतर नकाशाच्या झेरॉक्सवर महिन्यातले पळायचे रस्ते, आणि एका कागदावर तक्ता: तारीख, रस्ता, मिनिटं, भरती की ओहोटी. ओहोटीला वाळू घट्ट असते, भरतीला पाय रुततो, म्हणून ते लिहायचं. अंतर तो लिहीत नाही. अंतर मी काढायचं. इथे बेंगळुरात असताना आम्ही लालबागेत पळायचो तेव्हापासूनची ही वाटणी आहे: पळायचं दोघांनी, मोजायचं मी. माझ्याजवळ तपकिरी पुठ्ठ्याची वही होती, त्यात दोन रकाने, त्याचा आणि माझा. तो गेल्यावर माझा रकाना मी भरला नाही. त्याचा भरत राहिले. नकाशावर दोरा टाकायचा, रेघेवरून बोटांनी वळवत न्यायचा, मग पट्टीवर सरळ करून मोजायचा. चाळीस मिलिमीटरचा एक किलोमीटर. मिनिटांना अंतरानं भागलं की त्याची चाल मिळते, पाच मिनिटं दहा सेकंद, पाच बारा, कधी पाच आठ. तो आकडा वहीत लिहिला की मला वाटायचं, हा माणूस कसा आहे ते मला ठाऊक आहे. पत्रातल्या चार ओळींतून ते कधी कळलं नाही.

जूनमध्ये एक नवा रस्ता होता. कारखान्याच्या वसाहतीपासून किनाऱ्यानं उत्तरेकडे, खाडीच्या मुखापर्यंत, तिथून उद्यानाच्या कडेनं आत आणि परत. तो फक्त मंगळवारी आणि शनिवारी. मिनिटं पन्नास, साडेपन्नास, एक्कावन्न. पण अकरा तारखेला, मंगळवारीच, त्याच रस्त्याला एक्केचाळीस. मी आधी भरती-ओहोटी पाहिली. चार तारखेला ओहोटी, आठ तारखेला भरती, पंधराला पुन्हा ओहोटी, मिनिटं तीच. म्हणजे वाळू नव्हे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, चंद्राला वार कळत नाहीत. वार माणसांना कळतात. मी पुन्हा रेघेकडे पाहिलं, खाडीपाशी जाड झालेल्या जागेकडे, आणि माझ्या मानेच्या मागच्या बाजूला काहीतरी गरम पसरत गेलं. एकट्यानं पळताना माणूस आपली चाल साडेनऊ मिनिटांनी बदलत नाही, आठवड्यातून ठरावीक दोनदा तर नाहीच. कोणीतरी बरोबर होतं. अकरा तारखेला ते आलं नव्हतं.

अत्तेंच्या शिवणाच्या डब्यातून मी दोरा घेतला. आमच्याकडे, म्हणजे बेंगळुरात तीनशे वर्षं राहून मराठी बोलणाऱ्या घरांत, सासूला अत्ते म्हणायची कानडी रीत आहे. त्या पलंगावर बसून चष्मा पुसत होत्या. "काय म्हणतो चिरंजीव?" "बरे आहेत." "स्वल्प वाचून तरी दाखव." मी चार ओळी वाचल्या. पाचवी वाचली नाही. पाचवीत लिहिलं होतं की कंपनी आणखी तीन वर्षांसाठी ठेवायला तयार आहे, घर देते, बायकोचा व्हिसा देते. दहा तारखेच्या बुधवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. तुझं काय ते आता सांग. हे तो नोव्हेंबरपासून विचारतो आहे. मी दर वेळी "पाहू" म्हणते. अत्ते माझ्या हातातल्या दोऱ्याकडे बघत म्हणाल्या, "माझा पोरगा पळतो आणि तू त्याचा रस्ता मोजतेस. संसार आहे की सर्व्हे ऑफिस?" मी हसले. दोरा रेघेवर धरला. दोनशे शहाण्णव मिलिमीटर, सात पूर्णांक चार किलोमीटर. भागाकार केला. सहा मिनिटं पन्नास सेकंद.

सहा पन्नास ही माझी चाल आहे. वहीच्या उजव्या रकान्यात चार वर्षं तोच आकडा आहे, पाच-सात सेकंद इकडेतिकडे. कोणीतरी तिथे, समुद्राकाठी, माझ्या चालीनं पळत होतं आणि तो तिच्या बरोबर होता. ती, असं मी धरूनच चालले होते. मला आठवला तो त्याच्या पाठीचा निळा बनियन. लालबागेत पश्चिमेच्या दारातून आत शिरलो की पहिली दोनशे पावलं तो माझ्या बरोबर असायचा, मग म्हणायचा, "तू ये सावकाश," आणि बनियन लहान होत जायचा. वळणावर तो नाहीसा झाला की माझे कान उरायचे. त्याच्या उजव्या बुटाचा आवाज डाव्यापेक्षा किंचित जड पडतो, तो कितीतरी वेळ ऐकू यायचा. शेवटी तो बागेतल्या मोठ्या खडकावर बसलेला सापडायचा, घड्याळ हातात, घाम वाळलेला. "अठ्ठेचाळीस," तो माझी मिनिटं मला सांगायचा. मी धापा टाकत वहीसाठी ती लक्षात ठेवायचे. त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण जो वेगानं पळू शकतो त्यानं वेगानं पळावं, हे मला गतिशास्त्राइतकं साधं वाटत होतं. एकदा काचघराच्या मागे माझा पाय मुरगळला. मी कठड्यावर बसून राहिले. तो एक पूर्ण फेरी करून आला, मला ओलांडून दहा पावलं गेला, मग थांबला. "अगं, मी तुला खडकापाशी शोधत होतो," तो म्हणाला. त्यानं मला स्कूटरवर बसवलं, घरी बर्फ लावला, दोन दिवस स्वयंपाकसुद्धा केला. आणि रात्रीची जेवणं झाल्यावर मी वही काढली, तेव्हा त्यानं सांगितलं, पाच मिनिटं पाच सेकंद. त्याची आजवरची सर्वांत चांगली चाल. मी ती लिहिली. माझ्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. ती रेघ पट्टीनं मारली होती.

शनिवारी कामाचा दिवस असतो. बनशंकरीच्या घरून पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत दोन बसा बदलून जावं लागतं, सव्वा तास. त्या सव्वा तासात मी तिला रंग दिला, उंची दिली, केस मागे बांधले, मग सोडले. माझ्यासारख्या बाईनं पुराव्याशिवाय असं करू नये. पण मत्सर पुराव्याची वाट पाहत नाही. तो स्वतःच एक उपकरण आहे, फार संवेदनशील आणि कधीही शून्यावर न येणारं. खिडकीतून यशवंतपूरचे ट्रक दिसत होते आणि मला दिसत होती ती ओली, घट्ट वाळू, तिच्यावर शेजारीशेजारी उमटलेल्या पावलांच्या दोन रांगा. शेजारीशेजारी. लालबागेच्या लाल मातीवर आमच्या रांगा एकामागे एक असायच्या, माझं पाऊल पुष्कळदा त्याच्या पावलावर पडायचं आणि ते पुसायचं. आम्हाला मुलं नाहीत. आमचं जे काही होतं ते त्या वहीत होतं, दोन रकान्यांत, आणि त्यांच्या मधे मी लाल शाईनं आखलेली उभी रेघ होती.

आमच्या कारखान्यात माझी मापनाची खोली आहे. कारखाना गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं, आणि सुटे भाग करतो. ते खरोखर सांगितल्या मापाचे आहेत का, हे माझ्या खोलीत ठरतं. ती उभी करायला मला सहा वर्षं लागली. दोन दारं, त्यांच्या मधे चपला काढायची जागा, आत बारा महिने वीस अंश. धातू गरम झाला की वाढतो, म्हणून बाहेरून आलेली वस्तू आत आणल्याबरोबर मोजायची नसते. ती संगमरवरी ओट्यावर ठेवायची आणि चोवीस तास तिच्याकडे पाहायचंही नाही. तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. नवे इंजिनिअर येतात, त्यांना घाई असते, ते हातातली गरम वस्तू मोजतात आणि तिला नापास करतात. मी त्यांना सांगते: ती वस्तू चुकीची नाही, तुमचा हात गरम आहे. "हाताच्या उबेनं लोखंड वितळत नाही मॅडम," असं एकदा एकजण हसत म्हणाला होता. त्याला ते कळायला वर्ष लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी दोरा धरला होता तो गरम हातानं. हे मला पीण्याच्या थांब्यावर उतरताना सुचलं आणि लाज वाटली. नकाशा पर्समध्ये होता. मी तो ओट्याच्या टोकाला पसरला, चार कोपऱ्यांवर चार ठोकळे ठेवले आणि दिवसभर दुसरी कामं केली. संध्याकाळी, शुक्रवारच्या मोजणीला चोवीस तास झाल्यावर, दोरा घेतला. गंगव्वा आतल्या दाराशी उभी होती. ती अथणीकडची, खोलीची झाडलोट तिच्याकडे, आणि माझ्या खोलीत चपला घालून शिरणाऱ्याला, तो मॅनेजर असला तरी, ती परत पाठवते. "अक्का, सगळी गेली की हो. ह्यो दोरा कुठल्या मशीनचा?" "घरचा." "मग घरी मोजायचा न्हवं? हितं कशाला?" "घरी नीट मोजला जात नाही, गंगव्वा." "घरचं हितं आणून मोजलं की कमीच भरतंय बघा," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

कमी भरलं नाही. जास्त भरलं. तीनशे सोळा मिलिमीटर. मी तीनदा मोजलं. शुक्रवारी मी दोरा ताणला होता. किनाऱ्याची लहानलहान वळणं, खडकांच्या मागून जाणारे वळसे, सगळे रागानं कापून टाकले होते. आता दोरा रेघेवर सैल बसला, प्रत्येक वळणात शिरला. सात पूर्णांक नऊ किलोमीटर. मी कागदावर भागाकार केला, कॅल्क्युलेटर शेजारी असून. सहा मिनिटं चोवीस सेकंद.

म्हणजे ती माझ्या चालीनं पळत नव्हती. ती माझ्यापेक्षा सव्वीस सेकंदांनी वेगवान होती. मी स्टुलावर बसून राहिले. खोलीतली हवा वीस अंश होती, कुठूनही उन्हाची तिरीप नव्हती, धूळ नव्हती. मला वाटलं होतं, नीट मोजलं की राग उतरेल. गरम धातू निवतो तसा तो आक्रसेल आणि त्याचं खरं, लहान माप हाती येईल. काही बाबतीत तसं झालंही. तिचे केस, तिची उंची, ते सगळं गळून गेलं. उरलं ते एवढंच की तो पाच दहाचा माणूस आठवड्यातून दोनदा सहा चोवीसनं पळतो. एका किलोमीटरमागे चौऱ्याहत्तर सेकंद तो कोणाला तरी देतो. मला त्यानं चार वर्षांत, दोनशे पावलांनंतर, एकही सेकंद दिला नव्हता. मत्सर होता तो त्या बाईचा नव्हता. त्या चौऱ्याहत्तर सेकंदांचा होता. तो निवून आक्रसला नाही. चोवीस तासांनंतरही त्याचं माप तेच आलं.

रविवारी सकाळी मी लालबागेत गेले. रिक्षावाल्यानं खाली माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहून विचारलं, "पळायला? एकट्याच?" मी "सरी, बरं, चला" म्हटलं. फेरीचं अंतर मला पाठ आहे. मी घड्याळ लावलं आणि सहा चोवीसनं निघाले. पहिल्या किलोमीटरला सहा एकवीस. ती माझ्या डाव्या हाताला होती, अर्धं पाऊल पुढे. मी तिला पुढे जाऊ देणार नव्हते. तळ्याच्या बांधावर सहा तीस, छातीत डाव्या बाजूला सुई टोचायला लागली, तोंडात लोखंडाची चव आली. आंब्याखाली काही म्हातारे हात वर करून मोठमोठ्यानं हसण्याचा व्यायाम करत होते. तिसऱ्या किलोमीटरला मी काचघराच्या मागच्या कठड्यावर बसले, त्याच कठड्यावर. घाम डोळ्यांत उतरत होता. मी अडतीस वर्षांची आहे, मला वीस अंशांच्या खोलीत मायक्रॉनचा हिशेब लागतो, आणि मी पाच हजार मैलांवरच्या एका न पाहिलेल्या बाईबरोबर शर्यत लावली होती. मग मी उठले आणि उरलेली फेरी पळाले. घड्याळ पाहिलं नाही. आधी पाय जड होते, नंतर श्वास त्यांना सापडला. खडकाजवळ आले तेव्हा सवयीनं वर पाहिलं. खडकावर कोणी नव्हतं. कोणी मला माझी मिनिटं सांगणार नव्हतं. मी खडकावर चढले आणि पलीकडे, त्यानं कधी थांबून न पाहिलेल्या बाजूला, नुसतीच बघत उभी राहिले. किती वेळ, ते मोजलं नाही.

घरी आले तेव्हा अत्ते फोनशेजारच्या खुर्चीत बसून होत्या. फोन रविवारी अकराला येतो. तिथे तेव्हा दुपारचे साडेतीन असतात. "तोंड किती लाल झालंय तुझं. कुणाच्या मागं धावलीस?" त्यांनी विचारलं. मी पाणी प्यायले. "अत्ते, मामंजी तुमच्या पुढे चालायचे का हो?" भिंतीवर मामंजींचा, रघुजींचा, फोटो आहे, फेट्यातला. अत्तेंनी तिकडे बघितलं. "देवळात जाताना, बाजारात जाताना, दहा पावलं पुढं. चामराजपेटच्या त्या गर्दीत मी त्यांची टोपी शोधत चालायची. एक्केचाळीस वर्षं पाठच बघितली मी त्यांची. चेहरा असा नीट, फुरसतीनं, ते फोटोत गेल्यावर बघितला." त्या हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "बरा होता गं दिसायला." फोन वाजला.

परदेशी फोनमध्ये आपलाच आवाज क्षणभर मागून येतो. आपण "हॅलो" म्हणतो आणि कोणीतरी मागे राहिलेली बाई "हॅलो" म्हणते. यशोवर्धननं आईची तब्येत विचारली, पाऊस विचारला. मग म्हणाला, "नकाशा मिळाला? नवा रस्ता किती भरला?" "सात पूर्णांक नऊ." "बघ! मी आठ धरला होता." तो खुश झाला. मी विचारलं, "मंगळवारी आणि शनिवारी बरोबर कोण असतं?" प्रश्न सरळ आला, शेवटी स्वर न उंचावता. तोही सरळच बोलला; त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या मनातही नव्हतं, आणि हे मला आवाजावरून कळलं, तराजूत ठेवल्यासारखं कळलं. "वीणा. लॅबमध्ये आहे, आपल्या मंड्याची. नवरा सिडनीला असतो तिचा. लिहायचं राहिलं बघ. तिला ह्या दोनच दिवशी सकाळची पाळी नसते."

"अकरा तारखेला नव्हती."

"नव्हती, ताप होता तिला. तुला कसं कळलं?" तो मोठ्यानं हसला. "तुझ्यापासून काही लपायचं नाही!"

"तुम्ही तिच्या चालीनं पळता."

"पळावंच लागतं. खाडीच्या मुखापाशी मगरींच्या पाट्या आहेत. उद्यानवाल्यांची सक्त सूचना आहे, त्या बाजूला बरोबरच्या माणसाला मागे एकटं सोडायचं नाही. ती मागे पडली तर मी खाडीपाशी थांबतो, मग बरोबर जातो."

शाईचा तो ठिपका माझ्या डोळ्यांपुढे आला. "लालबागेत मगरी नव्हत्या," मी म्हणाले.

"काय? हो, नव्हत्या!" त्याला तो विनोद वाटला. पुन्हा हसला, आणि माझं वाक्य मागून, माझ्याच आवाजात, माझ्या कानात परत आलं. तो सांगत होता, उत्साहानं, जसा तो नव्या बॉयलरबद्दल सांगतो: "पण एक सांगू? सावकाश पळण्यात मजा असते हे मला ठाऊकच नव्हतं. आजूबाजूला दिसतं सगळं. झाडं, पक्षी. बोलता येतं. वीणा चेष्टा करते, म्हणते, तुम्हाला माणसात आणलं मी. आता तू आलीस ना, की तुझ्याबरोबरही असाच पळेन. तिघं मिळून पळू. आईला शिवानीकडे ठेवू, बोललोय मी तिच्याशी. तुलाही इथे मिळेल काहीतरी, शाळेत वगैरे. बुधवारी मला कळवायचंय गं. नोव्हेंबरपासून तू नुसतं 'पाहू' म्हणतेस."

शिवानी त्याची बहीण, हुबळीला असते. तिच्याशी बोलून झालं होतं. अत्ते माझ्याकडे बघत होत्या. फोनमधलं त्यांना ऐकू येत नव्हतं, पण त्या खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या होत्या. टेबलावर नकाशा होता आणि त्यावर दोऱ्याचा तुकडा, सैल, कुठल्याच रेघेवर नसलेला. मला माझी दोन दारांची खोली दिसली आणि खडकाची पलीकडची बाजू. मग दिसली ओल्या वाळूवरची पावलांची तिसरी रांग, दहा पावलं मागे, आणि दर थोड्या वेळानं मागे वळून, नव्यानं शिकलेल्या चांगुलपणानं, माझ्यासाठी थांबणारी ती दोघं. मी आत डोकावून पाहिलं. राग असेल असं वाटलं होतं. होता, पण हाताला चटका बसेल असा नव्हता. तो खोलीच्या तापमानाला आला होता.

"ऐकतेस ना?" तो म्हणाला. "पाहू म्हणू नकोस आता."

"नाही म्हणत," मी म्हणाले. "तुम्हाला राहायचं असेल तर तीन वर्षं जरूर राहा. मी येणार नाही."